उंबऱ्याखालचे उंबरे

लिफेला, ६ ऑगस्ट २०१७

नामाकाऊस,

मासळीवाली मोंदे उद्या पहाटे होडी घेऊन माळाच्या काठावर, तुझ्याकडं वर निघते आहे. तिच्या टोपलीत वाळलेल्या माशांच्या खाली हे पत्र ठेवतोय, तेव्हा वास आला तर तो माझा समजू नकोस. सहा वर्षांत हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही, पण नासिलेलेचा गुडघा दुखत असताना तुला घरात कामं फार, हे मी समजू शकतो. बहिणीचा गुडघा सहा वर्षं दुखतो, हेही समजू शकतो.

बातमी अशी की तुझा नवरा म्हातारपणी कामाचा निघाला.

लुसाकाहून एक मुलगी आली होती. मुतिंता तिचं नाव, दक्षिणेकडच्या टोंगा जमातीची, आपली भाषा अडखळत बोलते पण लाजत नाही. सरकारच्या कुठल्याशा नियोजन कचेरीत आहे. होडीतून उतरली ती थेट गुडघे टेकून, टाळ्या वाजवून, आपल्या रीतीनं नमस्कार करती झाली. आपले गावप्रमुख मुयुंदा म्हणाले, "परकी पोर आपल्या पोरींपेक्षा बरी वाकते." त्यावर त्यांची सून म्हणाली, "पाहुणी एक दिवस वाकते बाबा, आम्ही रोज." तू असतीस तर हसली असतीस.

तिला माझी वही हवी होती. तीच, जिच्यावर तू एकदा उकळतं दूध सांडलं होतंस. एकोणचाळीस वर्षं, दर पुराला पाणी सर्वांत वर चढलं त्या दिवशी आपल्या उंबऱ्याच्या किती खाली थांबलं, ते हातांत आणि वितींत. मुतिंता म्हणाली की नदीवरचं सरकारी मोजमाप मध्येच पंधरा वर्षं बंद होतं, आणि या भागात इतकी लांब, न तुटलेली नोंद दुसरी नाही. एकेक पान ती दोन्ही हातांनी उलटत होती. इतक्या वर्षांत माझ्या अक्षराकडं असं कुणी पाहिलं नव्हतं. मी तिला लहान वर्गाला शिकवायचो ते कवनही म्हणून दाखवलं,

पाणी आले, पाणी आले, भरला सारा माळ,
टेकाडावर बसून मोजू एक एक सकाळ.

तिनं ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

तुझा,
मास्तर


२८ ऑगस्ट

नामाकाऊ,

मुतिंता परत येऊन गेली. या वेळी पडवीत बसून तिनं सगळं नीट समजावलं, आणि मी ते तुला समजावतो, कारण दुसऱ्या कुणाला समजावू?

पुढच्या पन्नास वर्षांचं हवामान यंत्रात घालून बघतात. उन्हाळा वाढणार, पाऊस उशिरा येणार, यावर सगळ्या यंत्रांचं एकमत. पण आपल्या पुराविषयी मात्र दहा जाणत्यांची दहा तोंडं. काही म्हणतात वरच्या डोंगरांतच पाऊस आटेल आणि माळ सुकत जाईल. काही म्हणतात पाऊस कमी दिवस पडेल पण पडेल तेव्हा फोडून काढेल. "मग मास्तर," ती म्हणाली, "अशा वेळी आम्ही मागे वळून बघतो, आजवर पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते. आणि तुमची वही म्हणते की ते उतरतंय."

म्हणतेच. सुरुवातीच्या वर्षांत पाणी उंबऱ्याखाली दीड हातावर थांबायचं. आता साडेतीन.

त्यावरून त्यांनी ठरवलंय की माळावर दोन टेकाडं मातीनं उंच करायची, एक आपलं आणि एक शेजारच्या नांगुला गावाचं, आणि दोन्हींवर पक्की शाळा बांधायची, पुरात चार महिने बंद न पडणारी. पाणी उतरत असेल तर तीन हात भराव पुरे, आणि तेवढ्या पैशात दोन्ही टेकाडं बसतात. ऑक्टोबरच्या शेवटी काठावरच्या माँगू शहरात सभा आहे, तिथं शिक्कामोर्तब.

मुयुंदांनी बैल कापायचं बोलणं काढलं. "मास्तर, तुमच्या वहीनं गाव वाचवलं," ते म्हणाले. खरंच, शाळा झाली तर वर गेलेली बिऱ्हाडं परत येतील. आता कोरड्या दिवसांतही इथं अकराच चुली पेटतात. मी रोज संध्याकाळी मोजतो. मोजायची सवय जात नाही.

आठवतं का, मी काठावरच्या शाळेतून पुराच्या सुट्टीला यायचो तेव्हा तू होडी ओळखायचीस ती माझ्या बेसूर म्हणण्यावरून. अजून म्हणतो मी होडीत. पाण्यावरून आवाज लांब जातो, पण आता पलीकडून कुणी तुझ्यासारखं माझ्या आवाजाला चिडवून "आले बघा बगळे" असं म्हणत नाही.

मुतिंता पुढच्या महिन्यात एक लोखंडी खुंटा पाठवणार आहे, उंबऱ्यालगत पुरायला, म्हणजे पुढची मोजणी कायमच्या एकाच जागेवरून होईल. तो मीच पुरेन म्हटलं. एवढा मान सोडवत नाही.

मास्तर


१७ सप्टेंबर

नामाकाऊ,

हे पत्र लहान आहे. ऊन फार आहे, रेतीवर पाय ठेववत नाही.

सहज एक विचारायचं होतं. आपल्या घराचा उंबरा आपण कधी बदलला होता का? म्हणजे कुठल्या कुठल्या वर्षी? घाई नाही. सहजच.

आंब्याला मोहोर बरा आहे.

मास्तर


४ ऑक्टोबर

नामाकाऊ,

घाई आहे, आणि सहज नव्हतं. मी शिक्षक होतो, खोटं बोलणाऱ्या पोराला दारातच ओळखायचो, आणि स्वतः मात्र तुला मोहोराच्या गोष्टी लिहीत बसलो.

खुंटा पुरायला मी उंबऱ्यालगत खणलं. वीतभर खाली कुदळ लाकडावर आपटली. वाटलं मूळ असेल. हातानं माती काढली तर तो उंबरा होता. आताच्या उंबऱ्याच्या बरोबर खाली, तसाच आडवा, मधोमध पायांनी झिजलेला. त्याखाली ठोकून बसवलेली काळी माती, आणि आणखी खाली दुसरा. मी पोटावर पडून खणत राहिलो. तिसरा निघाला तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत आत होता. त्या तिसऱ्यावर वडिलांनी आपल्या लग्नाच्या वर्षी सुरीनं कोरलेला मासा आहे.

सर्वांत खालच्यापासून वरच्यापर्यंत दोरी लावली. अडीच हात.

म्हणजे बघ. मी एकोणचाळीस वर्षं उंबऱ्यापासून पाणी मोजलं आणि या काळात उंबराच अडीच हात वर गेला. पाणी उतरलं नाही. मी ज्यावर उभा राहून मोजत होतो ते चढत होतं.

तू म्हणशील, मास्तर, तुम्हाला बायका टेकाडावर माती वाहतात हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात मी वर शाळेत. फेब्रुवारीत होडीतून यायचो तेव्हा सगळं सारवून चकचकीत. मला वाटायचं पाणी जेवढी माती नेतं तेवढीच तुम्ही परत घालता. टेकाड वाढतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गावातल्या एकाही पुरुषाच्या आलं नसेल, मुयुंदांना मी आडून विचारलं, तर म्हणाले, "टेकाड ते टेकाड. आजोबांच्या वेळेपासून तेवढंच आहे." त्यांची सून चूल फुंकत होती. ती माझ्याकडं बघून पुन्हा चुलीकडं वळली.

वहीत तीन ठिकाणी आकडा एका वर्षात उडी मारून दूर जातो. मुतिंतानं विचारलंही होतं की इथं काय झालं. त्या तिन्ही ठिकाणी मी समासात लिहून ठेवलंय, "यंदा पाण्याला दया आली." काय अक्षर आहे, किती ठसठशीत. दया कुणाची होती ते आता खांद्यापर्यंत हात घालून कळलं.

सभा सव्वीस तारखेला आहे. वही अशीच गेली तर तीन हातांचा भराव पडेल, त्यावर शाळा उभी राहील, आणि मुतिंताच्या त्या फोडून काढणाऱ्या पावसाचं एक वर्ष आलं की पाणी वर्गात शिरेल, पोरं आत असताना. वही दुरुस्त करता येते, पण त्यासाठी कुठला उंबरा कुठल्या वर्षी चढला ते हवं. मातीची जाडी मला मोजता येते. वर्ष फक्त तुला ठाऊक आहे.

चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. खड्डा पुन्हा बुजवला. मला वाटलं, मी मरेन, शाळा होईल, पाणी येईल न येईल. हेही तुला सांगतो, म्हणजे सगळं सांगून होईल.

आणि एक. नासिलेलेचा गुडघा बरा आहे हे मोंदेनं मला कधीच सांगितलंय. तू का गेलीस ते मला माहीत आहे. २०११ च्या पुरात पाणी वाढलं तशी राजाची नाव रिवाजाप्रमाणं काठावर वर गेली, त्यामागून सगळं गाव गेलं, तुला ताप होता, आणि मी म्हणालो, "अजून दोन दिवस, पाणी अजून माथ्यावर आलं नाही." दोनाचे चार झाले. नासिलेलेचा नवरा होडी घेऊन आला तेव्हा तू उठून एकटी चढलीस. मला म्हणालीस, "तुम्ही बसा, तुमचं पाणी यायचंय." मी बसलो. साडेतीन हात, सत्तावीस एप्रिल, अशी नोंद आहे. जूनमध्ये पाणी उतरलं, सगळे परतले.

फक्त वर्षं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

इमासिकु


२१ ऑक्टोबर

नामाकाऊ,

तुझं पत्र मिळालं. मोंदे होडीतूनच ओरडत आली, "मास्तर, तुमच्या बायकोनं तोंड उघडलं." आता सगळ्या माळाला ठाऊक आहे.

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, तरी इथं उतरवतो. शिक्षकाची खोड, धडा लिहून काढल्याशिवाय झाला असं वाटत नाही. "मास्तर, पहिला, आपला लुबिंदा रांगत होता तेव्हा. दुसरा, तुमची आई गेली त्या कोरड्या दिवसांत, सात जणी होतो. तिसरा, लुबिंदा किट्वेला खाणीत गेला त्या वर्षी, मी एकटीनं. दर वेळी आदल्या पुरात पाणी दाराशी आलं होतं म्हणून. हौस नव्हती. पाणी चढत होतं म्हणून मी चढवत होते. कागदात लिहायचं तर हेही लिहा. तुम्हाला दर वेळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कर तुला हवं ते."

खाली नाव नाही, पण टिंबं तू अजून छिद्र पडेपर्यंत देतेस.

मी वर्षं घालून वही पुन्हा मांडली. दोन रात्री नाही, दोन दुपारी. रात्री आता दिसत नाही. तुझी माती वजा केली आणि आकडे उलटे फिरले. पाणी दोन हात उतरलेलं नाही. अर्धा हात चढलंय. तू बरोबर म्हणतेस. आपल्या घरात पाण्यावर दोघांची नजर होती. मी ते लिहीत होतो, तू त्याच्याशी झुंजत होतीस, आणि लिहिणाऱ्याला झुंजणारीचा पत्ता नव्हता.

"कर तुला हवं ते" असं मी म्हणालो असेन. आठवत नाही. न आठवणं जास्त वाईट आहे.

सव्वीसला माँगूला जातोय. मुयुंदांना आज सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, भराव दुप्पट झाला तर दोन टेकाडांचे पैसे पुरणार नाहीत. एकच होईल. आणि नांगुला आपल्याहून मोठं आहे." मी म्हटलं, मला माहीत आहे. "मग सभेनंतर सांगा," ते म्हणाले. "माती एकदा पडू दे. वर आणखी टाकायला आपल्या बायका आहेतच की."

सून आतून म्हणाली, "आहेत ना. दहा-बारा उरल्यात. त्यांनाच शाळाही उचलायला लावा."

मास्तर


९ नोव्हेंबर

नामाकाऊ,

झालं ते सांगतो.

सभा मोठ्या दालनात होती, पंखे होते, बाटलीतलं पाणी होतं. कचेरीतल्या लोकांनी भिंतीवर माझ्या वहीची रेघ काढली होती, डावीकडून उजवीकडं उतरत जाणारी, निळी, फार देखणी. मला पुढं बोलावलं, टाळ्या झाल्या. लुसाकाहून आलेला जाडा साहेब म्हणाला, "हे आमचे पाण्याचे मास्तर."

मी म्हटलं, ही रेघ चुकली आहे.

जुनी आणि दुरुस्त अशा दोन्ही वह्या समोर ठेवल्या आणि उंबऱ्यांची गोष्ट सांगितली. मुतिंताचं तोंड पडलं. या योजनेवर तिनं वर्षभर काम केलंय, आणि ती उभी या रेघेवर. साहेब म्हणाला, "पण ही दुरुस्ती कुणाच्या शब्दावर?"

"माझ्या बायकोच्या."

"तिच्याकडं नोंद आहे?"

"नाही. तिनं माती वाहिली आहे."

"मग त्यांना बोलवा ना. कुठं आहेत त्या?"

"ती काठावर राहते. मी खाली राहतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "पुरामुळं?" आणि सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तोंड वळलं नाही. मी म्हटलं, "हो साहेब. पुरामुळंच."

तेव्हा नांगुलाची एक बाई उठली. नाव विचारायचं राहून गेलं, उंच, कपाळावर भाजल्याचा डाग. म्हणाली, "आमच्याकडंही चढवतो. माझ्या सासूपासून चार वेळा. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही." मग तिच्या शेजारची उठली. मग तिसरी. साहेबानं घड्याळ बघितलं, मुतिंतानं मात्र लिहून घ्यायला सुरुवात केली. ती संध्याकाळपर्यंत लिहीत होती, आणि प्रत्येकीला एकच विचारत होती, तेव्हा पोर किती महिन्यांचं होतं, त्या वर्षी कोण गेलं. निघताना मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही माझं वर्ष बुडवलंत." मी माफी मागितली. ती म्हणाली, "पन्नास वर्षं बुडण्यापेक्षा बरं," आणि डोळे पुसले. रागानं की कशानं ते कळलं नाही.

निर्णय झाला. सहा हात भराव. एकच टेकाड. नांगुला.

परतीच्या होडीत मुयुंदा माझ्याकडं पाठ करून बसले. लिफेलात उतरल्यावर एवढंच म्हणाले, "शाळा नाही म्हणजे गाव नाही, मास्तर. तुम्हाला वहीत लिहायला सोपं जाईल."

बैल कापला नाही. माझ्या दारावरून लोक जातात ते बाजूनं.

मी चूक केली असं वाटत नाही. पण बरोबर केल्यावर माणसाला इतकं गार वाटतं हे कुठल्या धड्यात नव्हतं. मी तीस वर्षं पोरांकडून कवितेतली सचोटी घोकून घेतली. तिथं शेवटच्या कडव्यात नेहमी कुणीतरी पाठ थोपटतं.

इमासिकु


१८ जानेवारी २०१८

नामाकाऊ,

पाऊस उशिरा लागला आणि एकदम लागला. माळाच्या कडेला पाणी चमकायला लागलंय. नांगुलावर भराव सुरू आहे. वाऱ्याच्या दिशेनं यंत्राची घरघर ऐकू येते. तिथं सिमेंटचा खांब रोवलाय, आकडे रंगवलेले, आणि तो वाचायचं काम कपाळावर डाग असलेल्या त्या बाईला दिलंय. तिचं नाव लिम्पो. मुतिंतानं मला विचारलं होतं, यंदा लिफेलाची शेवटची मोजणी कराल का, दोन्ही ठिकाणचे आकडे एकदा जुळवून बघायला फार उपयोग होईल. त्यासाठी पाणी माथ्यावर येईपर्यंत, म्हणजे एप्रिल अखेरपर्यंत, इथं थांबावं लागेल. एकट्यानंच, कारण मुयुंदा धरून सगळे या महिन्यात कायमचे वर चाललेत. घरांच्या वेतकाठ्याही सोडून नेतायत.

मी रात्रभर विचार केला नाही. नाही म्हटलं. तिला लिहून कळवलं की उंबऱ्याचं मोजमाप दोरीला गाठी मारून ठेवलंय, खुंटा ठोकलाय, पुढच्या कोरड्या दिवसांत कुणालाही येऊन जुळवता येईल, माणूस लागत नाही. ती म्हणाली एका वर्षाचा आकडा हुकेल. हुकू दे.

मोंदेच्या होडीत जागा आहे. येत्या गुरुवारी, दुपार कलताना, तुमच्या लिमुलुंगाच्या धक्क्यावर उतरेन. सोबत एक गाय आहे, ती पोहत येईल.

तुझ्याकडं ये असं तू म्हटलेलं नाहीस, आणि तुझ्या पत्राचा तसा अर्थ मी काढलेला नाही. जुन्या शाळेमागं निवृत्त शिक्षकांसाठी एक खोली आहे, तिची किल्ली मागवून घेतली आहे. छप्पर गळतं म्हणतात. तेव्हा धक्क्यावर कुणी नसलं तर मी सरळ तिकडं जाईन, वाट माहीत आहे, आणि नासिलेलेच्या दारावरून न जाता मागच्या पायवाटेनं जाईन.

पण तू धक्क्यावर असलीस, तर मला तुला काही विचारायचं आहे. त्या तिसऱ्या वर्षी, एकटीनं माती वाहत होतीस तेव्हा, किती दिवस लागले? ते मला वहीसाठी नकोय.

इमासिकु